टाळीवर घेतलेलं घर

"तुला सांगतो बेर्टुस, काचा पुसनाऱ्याला घरं भाईरनंच ठावी असत्यात. पर तुझं घर मला आतनंबी ठावं हाय."

"काय ठावं हाय? सैपाकघर आन् संडास. सव्वीस वर्सांत तेवढंच तर बघितलंयस."

"मंग बाकीचं काय करायचंय? त्या दोन खोल्यांवरच मानूस जगतंय."

बेर्टुस नायलांट हसला आणि बिस्किटांचा डबा गेर्टपुढं सरकवला. गेर्टनं एक उचललं. बेर्टुसनं लगेच झाकण लावलं. डेव्हेंटरमधल्या आमच्या वेव्हरपाड गल्लीत कॉफीबरोबर एकच बिस्कीट मिळतं, मग पाहुणा कितीही जवळचा असो.

"मंग, घेतोस का?" बेर्टुसनं विचारलं.

"आता झाकन लावल्यावर इचारतूस व्हय?"

"बिस्कीट न्हवं, येड्या. घर."

ऑगस्टचा पहिला मंगळवार होता, सकाळचे दहा वाजले होते. बाहेर गेर्टची पुढं पेटी असलेली सायकल उभी होती. पेटीत बादल्या, रबराच्या पट्ट्या, मऊ कातडं, आणि वर आडवी बांधलेली शिडी. मंगळवारी दहाला ही सायकल बेर्टुसच्या दाराशी नसली, तर गेर्ट आजारी असणार असं गल्ली धरून चाले.

गेर्ट वोल्बर्स एल्सब्रूक गावचा, अट्ठावन्न वर्षांचा गडी. उंच, पाठीत थोडा वाकलेला, वाऱ्यानं कान कायमचे लाल झालेले. बापाची गुरं आणि जमीन थोरल्या भावाकडं गेली, तेव्हा हा विसाव्या वर्षी शहरात आला आणि एका काचा पुसणाऱ्याच्या हाताखाली राहिला. तो म्हातारा थकला, तेव्हा त्याच्याकडून ह्या भागातली सगळी गिऱ्हाइकं गेर्टनं घेतली. शहरात येऊन त्यानं कपडे बदलले, जेवणाची वेळ बदलली, चर्चला जाणंसुद्धा सोडलं. जीभ मात्र बदलली नाही. पहिली काही वर्षं लोक त्याला शिडीखालून "ए शेतकरी" म्हणून हाक मारायचे. तो वरून म्हणायचा, "शेतकरीच हाय. तुमच्या खिडक्या नांगरतोय." मग लोकांनी नाद सोडला.

बेर्टुसही एल्सब्रूकचाच. पण तो शिकला, शाळामास्तर झाला, आणि चाळीस वर्षं गावाकडच्या पोरांची बोली सुधारण्यात घालवली. कुणी वर्गात गावचा शब्द बोललं की तो फळ्यावर शुद्ध शब्द लिहायचा आणि पोराला तो दहा वेळा म्हणायला लावायचा. त्याच बेर्टुसला मंगळवारी दहाच्या ठोक्याला गेर्टसमोर बसून गावचं बोलायला मिळालं नाही, तर दिवसभर चैन पडायचं नाही. चावणारे बूट काढून पाय मोकळे करावेत तसा तो त्या अर्ध्या तासात बोलायचा.

दोन वर्षांपूर्वी त्याची बायको गेली. आता लेक मार्लोस त्याला आपल्याकडं, दूर समुद्राच्या बाजूला न्यायचं म्हणत होती. म्हणून घर विकायचं होतं.

गेर्टला ते घर हवं होतं, आणि त्याचं कारण सगळ्या गल्लीला पाठ होतं: बायको अन्नेखिनचे गुडघे. गेर्ट आणि अन्नेखिन घरं भाड्यानं देणाऱ्या एका संस्थेच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहत होती. लिफ्ट नाही. सत्तर पायऱ्या. अन्नेखिन बाजाराला उतरली की खाली बाकावर बसून राहायची, आणि गेर्ट कामावरून आला की त्याच्या खांद्याला धरून एकेक पायरी चढायची. गेल्या हिवाळ्यात तिनं तीन आठवडे खाली पाय ठेवला नव्हता. बेर्टुसचं घर विटांचं, ओळीतलं, लहानसं. पण निजायची खोली तळालाच, मागच्या दारी तीन पावलांची बाग, आणि बागेत शिड्या ठेवायला खोपटं. अन्नेखिनच्या बापाच्या जमिनीतला तिचा वाटा नुकताच हातात आला होता. उरलेल्यापुरतं बँक बघू म्हणाली होती.

"सांग तुझा आकडा," गेर्ट म्हणाला आणि उजवा हात टेबलावर उताणा ठेवला.

बेर्टुस त्या हाताकडं बघत राहिला. मग त्याच्या डोळ्यांत चमक आली. एल्सब्रूकच्या बाजारात गुरं अशीच विकली जात. विकणारा आकडा सांगून समोरच्याच्या हातावर टाळी मारतो, घेणारा कमी आकडा सांगून उलटी टाळी मारतो, आणि ज्या टाळीला हात सुटत नाही तिथं सौदा ठरतो. मग आभाळ कोसळलं तरी तो मोडत नाही.

"तीन लाख दहा हजार युरो," बेर्टुस म्हणाला आणि टाळी मारली.

"दोन साठ." टाळी.

"आरं, घराला छप्पर हाय का न्हाई बघून तरी बोल. तीन लाख."

"छप्पर म्या वरनं बघितलंय. तीन कवलं फुटल्यात. दोन पंच्याहत्तर."

"दोन नव्वद. आन् कवलं तुझी तूच बदल."

"दोन पंच्याऐंशी. आन् परसातला नळ गळतोय त्यो दुरुस्त करून दे."

टाळी वाजली आणि ह्या खेपेला बेर्टुसनं हात सोडला नाही. दोघं तसेच हात धरून बसले, दोन म्हातारे बैल शिंगांत शिंगं अडकून थांबावेत तसे. मग बेर्टुस उठला, कपाटातून जेनेवरची बाटली काढली आणि दोन इवलेसे पेले काठोकाठ भरले. सकाळच्या दहाला त्याला दारू ओतताना गेर्टनं पहिल्यांदाच पाहिलं.

"माझ्या बापानं तुझ्या बापाकडनं गाय घेतली हुती, आठवतंय?" बेर्टुस म्हणाला. "टाळी झाली, दावं हातात घेतलं, आन् फाटकातनं भाईर काढायच्या आधी गाय आडवी झाली. तिथंच मेली. तुझा बाप म्हनला, ऱ्हाऊ दे, सौदा झाला न्हाई असं समजू. माझा बाप म्हनला, टाळी झालीया. आन् पैसं टाकलं."

"आन् मेलेली गाय वढत न्हेली घरला. आई हसून हसून सांगायची."

"तसलं रगत हाय आपलं." बेर्टुसनं पेला रिकामा केला. "एक आक्टोबरला म्या लेकीकडं जातोय. तू आजच तुझ्या घरमालकाला कळीव. उगा येक म्हयन्याचं भाडं जास्तीचं कशाला भरतूस?"

गेर्टनं कळवलं. दुसऱ्याच दिवशी.

त्याआधी चौथ्या मजल्यावर थोडं बोलणं झालं. अन्नेखिन बटाटे सोलत होती. सुरी न थांबवता तिनं विचारलं, "कागद केला का?"

"दलाल करंल. बेर्टुसची लेक कुनीतरी दलाल बघतीया."

"मंग दलालानं कागद केला की कळीव संस्थेला."

"अगं, बेर्टुसकडनं कागद मागू? त्येच्या तोंडावर? आमची टाळी झालीया. उद्या तू म्हनशील, लग्नाचा दाखला दाखीव."

"त्यो घेतला हुता म्या म्हनून तर तू आजून हितं बसलायस."

गेर्ट हसला. तीही हसली. पत्र पेटीत पडलं. त्या आठवड्यात अन्नेखिननं जास्तीच्या उशा, हिवाळी कोट आणि न लागणारी भांडी खोक्यांत भरायला घेतली. प्रत्येक खोक्यावर तिनं नव्या घरातली खोली लिहिली. एका खोक्यावर लिहिलं, 'बाग'. त्यात एक खुरपं आणि दोन कुंड्या होत्या.

पुढच्या मंगळवारी बेर्टुसनं दार किलकिलं करून सांगितलं, सर्दी झालीया, आज कॉफी नको. त्याच्या पुढच्या मंगळवारी दार उघडलंच नाही. आणि पुढच्या खोलीचा पडदा ओढलेला होता.

आमच्याकडं दिवसा पडदा ओढत नाहीत. रस्त्यावरून जाणाऱ्याला आतला सोफा, कुंड्या, दिवे, जेवणाचं ताट सगळं दिसतं, आणि दिसावं अशीच रीत आहे. मी काही लपवत नाही, हे त्यातून सांगायचं असतं. पडदा ओढला म्हणजे घरात मयत, नाहीतर दुखणं. गेर्टला वाटलं, दुखणं. त्यानं अन्नेखिनला सांगून वाटाण्याचं दाट सूप करवलं, ते झाकून सायकलच्या पेटीत घालून आणलं आणि भांडं बेर्टुसच्या दाराशी ठेवलं. दुसऱ्या दिवशी भांडं धुऊन, पुसून पायरीवर परत ठेवलेलं होतं. चिठ्ठी नव्हती.

महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी बेर्टुसच्या खिडक्यांची पाळी असायची. गेर्टनं शिडी लावली आणि वरच्या मजल्यावरच्या खिडकीपाशी गेला. काचेला पाणी मारलं, रबराची पट्टी वरून खाली ओढली. काच साफ झाली तशी आतली माणसं दिसली.

एक तिशीतली बाई आणि तिचा नवरा मोजायची फीत धरून भिंतीपाशी वाकले होते. शेजारी करड्या कोटातला माणूस, हातात फाइल. बाईनं गेर्टकडं बघून हात हलवला. मग खिडकी आत ओढून उघडली.

"वा, तुम्ही इथले खिडक्यांवाले का? दर महिन्याला येता?"

"दर म्हयन्याला."

"मग आमच्याकडेही येत राहा हं. आम्ही शुक्रवारी सह्या केल्या. ऑक्टोबरमध्ये राहायला येतोय. आम्ही अ‍ॅमस्टरडॅमहून येतोय, इथलं आम्हाला काहीच माहीत नाही. इथे किती शांत आहे ना?"

"लई शांत हाय," गेर्ट म्हणाला.

शिडीवर उभं असताना माणसानं फार विचार करू नये, हे तो पहिल्या दिवशी शिकला होता. त्यानं उरलेली अर्धी काच पुसली. कडांना कातडं फिरवलं. मग एकेक पायरी उतरला आणि बादली तिथंच ठेवून मागच्या दारानं परसात गेला. बेर्टुस गळक्या नळाजवळ उभा होता. नळाला नवं तोंड बसवलेलं होतं.

"वर कोन मानसं हैत?" गेर्टनं विचारलं.

"गेर्ट, मी तुला फोन करणारच होतो."

गेर्टला आधी शब्द कळले नाहीत, आवाज कळला. सव्वीस वर्षांत बेर्टुस त्याच्याशी असं कधी बोलला नव्हता. हा पोरांच्या आईबापांशी बोलायचा आवाज होता, फळ्यासमोरचा.

"आपल्या बोलीत बोल."

"हे बघ, हा व्यवहाराचा विषय आहे. तो नीट शब्दांत बोललेला बरा. मार्लोसने दलाल नेमला. त्यानं सांगितलं की मी फार कमी किमतीला देतोय. ह्या लोकांनी पंचावन्न हजार जास्त दिले. मार्लोसचीही घराची कर्जं आहेत. माझ्या जागी तू असतास तर..."

"टाळी झाली हुती, बेर्टुस."

"कायद्यानं घराचा करार लेखीच लागतो. सही होईपर्यंत कोणावरही काही बंधन नसतं. मला हे माहीत नव्हतं. दलालानं समजावून सांगितलं."

"तुला समजावून सांगाया लागलं? त्यानं?" गेर्ट बेर्टुसच्या हाताकडं बघत होता. "तुझ्या बापानं मेलेली गाय घरला न्हेली रं. हितं घर उभं हाय. जितं हाय. नळबी दुरुस्त केलायस."

बेर्टुसनं नळाचं नवं तोंड उगाच एकदा फिरवून बघितलं.

"आन् मला जागा सोडाया कुनी सांगितलं? सांग. कुनी सांगितलं?"

"मी ते सुचवलं होतं," बेर्टुस म्हणाला. "निर्णय तुझा होता."

गेर्ट वळला. मग समोर जाऊन त्यानं बादली उचलली. खालच्या खिडक्या राहिल्या होत्या. त्या त्यानं पुसल्या. का पुसल्या असं मी त्याला पुढं कधीतरी विचारलं, तर म्हणाला, "वरच्या साफ आन् खालच्या घान, असं कुठं दिसलं असतं का गल्लीत? लोक म्हनलं असतं, गेर्टनं काम अर्धं टाकलं."

संध्याकाळी चौथ्या मजल्यावर अन्नेखिन खोक्यांच्या मधोमध खुर्चीत बसली होती. गेर्टनं सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. तिला 'म्या सांगितलं हुतं' असं म्हणायची पुरी मुभा होती, तेही म्हणाली नाही. ती फक्त एका शब्दाशी अडली.

"काय म्हनला त्यो?"

"सुचवलं हुतं म्हनं."

"सुचवलं." तिनं तो शब्द दाताखाली खडा यावा तसा तोंडात फिरवला. "ह्यो शब्द त्येच्या आईच्या तोंडात कधी आला न्हवता. 'सांगितलं' म्हनायला जीभ वळंना व्हय त्येची?"

"गावच्या जिभेनं म्हनला असता तर त्येला खोटं बोलता आलं नसतं."

दुसऱ्या दिवशी तो संस्थेच्या कचेरीत गेला. खिडकीमागची पोरगी चांगली होती, तिनं कॉफीसुद्धा दिली. पण जागा दोन आठवड्यांपूर्वीच एका कुटुंबाला दिली होती आणि त्यांच्या सह्या झाल्या होत्या. नव्या अर्जाला नंबर लागायला किती वर्षं, असं त्यानं विचारलं. तिनं संगणकाच्या पडद्यावर बघितलं आणि अकरा म्हणाली. मग लगेच म्हणाली, तुमच्या वयाला थोडं प्राधान्य असतं, नऊसुद्धा होऊ शकतील. सदुसष्टाव्या वर्षी मिळेल असा हिशोब गेर्टनं मनात मांडला आणि पोरीचे आभार मानून उठला.

गल्लीला दोन दिवसांत सगळं कळलं. शांत गल्लीत बातमीला चालायला वाट मोकळीच असते. कोपऱ्यावरच्या स्कोल्टेनबाईंनी गेर्टला आत बोलावलं, कॉफी दिली आणि बिस्किटांच्या डब्याचं झाकण लावलंच नाही. तो टेबलावर तसाच उघडा राहिला. गेर्टनं एकच घेतलं.

"घे की अजून," बाई म्हणाल्या.

"नगं. उगा सवय लागायची."

"वाईट झालं बघ. फार वाईट. पण बेर्टुसलाही दुसरं काय करता आलं असतं म्हणा. पंचावन्न हजार म्हणजे काही थोडे नाहीत."

"न्हाईत," गेर्ट म्हणाला.

आम्ही सगळे असंच बोललो. वाईट झालं, असं गेर्टला म्हणालो, आणि संध्याकाळी कुत्रं फिरवताना बेर्टुस दिसला की त्याला लेकीकडं हवा कशी आहे ते विचारलं. कुणी एकानंही त्याच्या तोंडावर टाळीचं नाव काढलं नाही. भांडण अंगणात आणू नये, अशी आमची सभ्यता आहे. गेर्टनं त्याबद्दल कुणाला बोल लावला नाही. फक्त दुसऱ्यांच्या दारातली कॉफी तो उभ्यानं प्यायला लागला.

अन्नेखिनची बहीण यान्तिन राल्टे गावाजवळ शेतावर राहते. तिच्या गोठ्यामागं एक खोली होती, पूर्वी वासरं ठेवायची. भिंतींना चुना लावून, फरशी घासून ती तयार झाली. अन्नेखिननं पहिल्यांदा बघितली तेव्हा दारात उभी राहून म्हणाली, "जिना न्हाई, तेवढं बरं हाय." मग आत जाऊन खिडकी उघडली आणि सगळीकडं शेणाचा वास आहे का ते हुंगलं. होता. 'बाग' लिहिलेलं खोकं तिनं न उघडता पलंगाखाली सरकवलं.

गेर्टला आता रोज पहाटे भाच्याच्या गाडीतून वीस किलोमीटर यावं लागे. सायकल आणि शिड्या स्कोल्टेनबाईंच्या मागच्या शेडात राहत. तेवढं त्यांनी केलं.

सप्टेंबरच्या शेवटच्या मंगळवारी बेर्टुसच्या दारात सामानाचा ट्रक उभा होता. पडदे काढलेले होते, आणि रिकामी खोली रस्त्यावरून आरपार मागच्या बागेपर्यंत दिसत होती. गेर्ट शेजारच्या घरापासून काचा पुसत आला आणि बेर्टुसच्या घराला शिडी लावली. गिऱ्हाईक म्हणून ते घर आता त्या अ‍ॅमस्टरडॅमच्या बाईचं होतं. तिनं फोन करून, आम्ही यायच्या आधी एकदा स्वच्छ करा, असं सांगितलं होतं.

बेर्टुस बाहेर आला. हातात कोट, डोक्यावर टोपी. लेक गाडीत बसून वाट बघत होती. तो शिडीच्या पायथ्याशी येऊन उभा राहिला आणि वर बघून म्हणाला, "गेर्ट. चाललो बघ म्या. अन्नेखिन कशी हाय? गुडघं लई दुखत्यात का रं बाईचं?"

गावची बोली. तोच मोकळा सूर, मंगळवारचा. आणि त्यानं उजवा हात वर केला, गेर्टला शिडीवरून वाकून धरता येईल इतका.

गेर्ट दोन पायऱ्या खाली उतरला. त्याच्या उजव्या हातात ओलं कातडं होतं. त्यानं ते डाव्या हातात घेतलं नाही.

"धन्यवाद, श्री. नायलांट," तो म्हणाला. प्रत्येक शब्द तो बेतून, तोडून बोलत होता, वर्गात उभं केलेल्या पोरासारखा. "माझ्या पत्नीची प्रकृती ठीक आहे. आपल्याला प्रवासासाठी शुभेच्छा. कृपया जरा बाजूला उभे राहा, पाणी आपल्या अंगावर पडेल."

बेर्टुस बाजूला झाला. त्याचा हात अजून थोडा वर होता, मग तो खिशात गेला.

गेर्ट पुन्हा वर चढला. वरच्या खिडकीला पाणी मारलं, पट्टी एका दमात खालपर्यंत ओढली, पट्टीचं पाणी झटकलं आणि पुढच्या काचेकडं वळला. अजून गल्लीतली नऊ घरं राहिली होती.